भंगारवाल्याला आठ दिवस थांबवा

देहूरोड, मामुर्डी, किन्हई, शेलारवाडी आणि पुढे सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कामशेतपर्यंत ज्या घरांत अजून जुना गोठा उभा आहे, किंवा परवापर्यंत उभा होता, त्या घरांसाठी हे चार शब्द आहेत. गोठा पाडायचा ठरतो, भावाभावांत जागेची वाटणी होते, नव्या बांधकामाचा पाया खणायचा असतो, आणि मग कोपऱ्यातल्या लोखंडाचा प्रश्न येतो. आजोबांनी घेतलेले ऑईल इंजिन, दांडी वाकलेला लोखंडी नांगर, कडबाकुट्टी, पितळी फवारणी पंप, कुणाकडे बंद पडलेला भाताचा हलर, कुणाकडे टायर बसलेला ट्रॅक्टर. सकाळी टेम्पो येतो, काटा लागतो आणि जेवणवेळेपर्यंत कोपरा मोकळा होतो. मिळालेले पैसे बरे वाटतात, कारण त्या लोखंडाला काही किंमत असेल असे आपण धरलेलेच नसते.

विकू नका, असे आमचे सांगणे नाही. जुने लोखंड साठवायला आता कोणाकडे जागा उरलेली नाही, आणि पावसात गंजत ठेवलेले यंत्र काही जपले जात नसते. विकायचे तर खुशाल विका, पण ते काय आहे हे ओळखून विका. त्यासाठी आठ दिवस पुरतात. बहुतेक यंत्रे शेवटी भंगाराच्या भावाच्या आसपासच जातील, हेही आधीच सांगून ठेवतो. पण काहींना त्याच्या कितीतरी पट पैसे येतात, आणि ती कोणती हे नुसत्या गंजाकडे बघून कळत नाही.

एका यंत्राच्या चार किमती

पहिली किंमत वजनाची. ही तळाची किंमत, हिच्याखाली कधीच उतरायचे नाही. समजा, इंजिन ३५० किलो भरले आणि त्या दिवशीचा दर किलोला ३० रुपये आहे, तर १०,५०० रुपये झाले. दर रोज हलतो, म्हणून दोन ठिकाणी विचारा. लोखंड सगळे एक नसते हेही लक्षात ठेवा. फ्लायव्हील आणि ब्लॉक बिडाचे असतात, टाकी पत्र्याची, क्रँक पोलादाची. बुश गनमेटलचे, कॉक पितळेचे आणि मॅग्नेटोच्या गुंडाळीत तांबे असते. भंगारवाला या सगळ्याला मिळून एकच दर लावतो आणि पितळ-तांब्याचा फायदा त्याच्या खिशात जातो. वजनही हातकाट्यावर न करता वाहनांच्या काट्यावर करून पावती घ्या. टेम्पो रिकामा असताना एकदा आणि भरल्यावर एकदा, असे दोनदा वजन करावे लागते.

दुसरी किंमत कामाची. यंत्र चालते का? चालत नसेल तर थोडक्या खर्चात चालेल का? जुने सावकाश फिरणारे इंजिन आजही कुठेतरी पाणी उचलायला, रसाचा चरक फिरवायला किंवा आडगावच्या गिरणीला लागते. अशा गिऱ्हाइकाला गंजाशी देणेघेणे नसते, त्याला इंजिनाचा दम हवा असतो.

तिसरी किंमत सुट्या भागांची. ज्या मॉडेलचे भाग आता बाजारात मिळत नाहीत, त्याचे चांगले हेड, पंप, गव्हर्नर, मॅग्नेटो किंवा गिअर यांना अख्ख्या यंत्रापेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. ज्याच्याकडे तसलेच यंत्र एका भागासाठी अडून बसले आहे, तो माणूस मात्र शोधावा लागतो.

चौथी किंमत हौशी माणसाची. यात दोन जातीची गिऱ्हाइके येतात. एक खरा संग्राहक. त्याला कारखाना, साल, क्रमांक, मूळ रंग, मूळ भाग हे सगळे बघायचे असते आणि तो त्याचे पैसे देतो. दुसरे सजावटवाले: लोणावळा-मळवलीकडची रिसॉर्ट, हमरस्त्यावरची हॉटेले, कृषी पर्यटन केंद्रे. त्यांना दारात ठेवायला देखणी वस्तू लागते. बैलगाडीचे चाक, मोठे फ्लायव्हील, पितळी पंप यांना ते वजनापेक्षा जास्त देतात, पण पाटीवरच्या क्रमांकाला त्यांच्या लेखी मोल नसते. दुर्मीळ वस्तू सजावटवाल्याला विकलीत तर तुमचे नुकसान, आणि साधी वस्तू घेऊन संग्राहकाची वाट बघत बसलात तर वेळ फुकट.

या चारही किमती कागदावर एकाखाली एक लिहा. सगळ्यात मोठ्या आकड्यातून यंत्र सोडवण्याचा, उचलण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च वजा करा. पाया करून बसवलेले इंजिन काढायला कधी क्रेन लागते आणि अर्धी कमाई तिच्या भाड्यातच जाते. 'जागेवरून उचलून नेणार' असे म्हणणारे गिऱ्हाईक दोन पैसे कमी देत असले तरी पुष्कळदा तेच परवडते.

जुने म्हणजे दुर्मीळ नव्हे

जितके जुने तितके महाग, हा सगळ्यात मोठा गैरसमज. फर्ग्युसन कंपनीचा करडा टीई-२० ट्रॅक्टर घ्या. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत तो १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक बनला. एडमंड हिलरी आपली माणसे घेऊन ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच फर्ग्युसनवर. इतका नावाजलेला ट्रॅक्टर, पण संख्या प्रचंड, म्हणून इंग्लंडमध्येही साधा टीई-२० सामान्य हौशी माणसाला घेता येतो. पैसा कशाला मिळतो? मूळ इंजिन, मूळ पत्रा, न बदललेली मागची हायड्रॉलिक यंत्रणा आणि कागदपत्रे यांना. किती बनले यापेक्षा किती उरले आणि त्यातले किती पूर्ण उरले, यावर भाव ठरतो.

आपल्याकडच्या लोखंडी नांगराची गोष्टही तशीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, तिथेच पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी लोकांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर पडून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि त्यानंतर नांगर गावोगाव गेला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, असे सांगतात. त्या वेळी तोफा वितळवणे योग्यच होते, कारण शेतकऱ्याला नांगर हवा होता आणि लोखंडाला दुसरा मार्ग नव्हता. आज तुमचा नांगर वितळवण्याची अशी कुठलीही घाई देशाला नाही. पण म्हणून प्रत्येक किर्लोस्कर नांगर मोलाचा असेही नाही. हे नांगर इतके खपले की साध्या नांगराला वजनाच्या थोडे वर, किंवा सजावटीचे पैसे मिळतील. ओतीव अक्षरे स्पष्ट असलेला, सगळे भाग जागेवर असलेला आणि सोबत पावती किंवा जुने माहितीपत्रक असलेला नांगर मात्र वेगळा. नांगराबरोबर कुठल्या पेटीत 'किर्लोस्कर खबर'चे जुने अंक निघाले तर तेही रद्दीत घालू नका. हे मासिक १९२० मध्ये सुरू झाले.

पाटी वाचायला शिका

यंत्राची किंमत पाटीपासून सुरू होते. इंजिनाच्या अंगावर, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डजवळ, हलरच्या चौकटीवर पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पाटी असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, मॉडेल, क्रमांक, अश्वशक्ती आणि मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. पाटी कधीही काढू नका आणि पॉलिश पेपरने घासू नका. ओल्या फडक्याने पुसा, अक्षरे लागत नसतील तर अंधारात बॅटरी आडवी धरून वाचा, नाहीतर वरून खडू फिरवा म्हणजे अक्षरे उठतात. पाटी गेली असेल तर बिडात ओतलेली अक्षरे शोधा. ब्लॉकच्या बाजूला किंवा फ्लायव्हीलच्या कडेला ती बहुधा सापडतात.

साल लिहिलेले नसले तरी अंदाज बांधता येतो. पाटीवर 'पूना' असेल तर यंत्र बहुधा १९७८ च्या आधीचे, कारण त्या सुमारास शहराचे नाव सरकारी दफ्तरात पुणे झाले. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या दरम्यानचे. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९९२ च्या अखेरीच्या आतले. पावतीवर रुपये-आणे-पै असतील तर खरेदी बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, त्या दिवशी नवे पैसे आले. मापे पौंडांत आणि इंचांत आहेत की किलो-मिलिमीटरमध्ये, हेही बघा, दशमान पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. ट्रॅक्टरच्या नंबराची सुरुवात आजच्या एमएच पद्धतीची नसेल तर मूळ नोंदणी १९८९ च्या आधीची.

पाटीवरचे गाव नीट वाचा. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने सीएस जातीची दोन फ्लायव्हीलची इंजिने १९३० पासून १९८७ पर्यंत बनवली. हुबेहूब तशीच इंजिने राजकोटच्या कारखान्यांनी हजारोंनी काढली. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. संग्राहक डर्स्लीच्या इंजिनाला जास्त मोजेल, कामाचे गिऱ्हाईक राजकोटच्या इंजिनाला, कारण त्याचे भाग अजून मिळतात. विकणाऱ्याला आपल्याकडे कोणते आहे हे माहीत नसले, तर दोन्ही गिऱ्हाइकांचा फायदा आणि आपला तोटा.

मावळात काय काय सापडते

इंद्रायणी आणि पवनेच्या काठच्या गावांत पाणी उचलायला घेतलेली इंजिने सापडतात. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये खडकीत उभी राहिली, आणि रस्टन अँड हॉर्न्सबी या इंग्लिश कंपनीचा भारतातला कारखाना आपल्या शेजारी चिंचवडला होता. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात आधी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने बनली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे किर्लोस्कर इंजिन घरोघर होते, त्याला कामाचा भाव मिळेल, संग्राहकाचा मिळणे कठीण. त्याच्या आधीची सावकाश फिरणारी, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी इंजिने, आणि सुरुवातीची कूपर व रस्टन इंजिने कमी उरली आहेत. अशी वस्तू हाती लागली तर थांबा आणि चौकशी करा.

भाताचा मुलूख असल्याने हलर सापडतात. कामशेत-वडगावकडच्या जुन्या गिरण्यांत एंगलबर्ग पद्धतीचे लोखंडी हलर होते. त्यात तांदळाचा चुरा फार व्हायचा आणि कोंडा-तूस एकत्र पडायचे, म्हणून रबरी रोलची यंत्रे आल्यावर ते मागे पडले. एकटा हलर म्हणजे बिडाचा ठोकळा. पण हलर, वरचा शाफ्ट, पुल्या, चामडी पट्टा आणि फिरवणारे इंजिन असा पूर्ण संच जागेवर असेल तर त्याचे मोल निराळे. तो मोडून तुकड्यांनी विकू नका. निदान आधी सगळ्या जोडणीचा एक व्हिडिओ तरी काढून ठेवा.

जपानी कोळपे ही आणखी एक वस्तू. १९५३ पासून जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम देशभर चालली. त्या पद्धतीचे धडे बोरिवलीच्या कोरा केंद्रातून दिले जात. ओळीत लावलेल्या भातात ढकलायचे दातेरी चाकांचे हे कोळपे आणि पायाने चालवायचे मळणी यंत्र तेव्हा आपल्याकडे आले. बाजारात यांना मोठी रक्कम येणार नाही. पण ज्या तालुक्याच्या वडगाव केंद्रातून इंद्रायणी तांदूळ निघाला, त्या तालुक्यातल्या शाळेला किंवा संग्रहालयाला ही वस्तू नक्की हवी असेल.

पितळी फवारणी पंपाची सजावटीच्या बाजारात चलती आहे. मालाडच्या ॲस्पीसारख्या कंपन्यांचे असे पंप गावोगाव होते. इथे एक इशारा. त्या पंपांतून एन्ड्रीन, फॉलिडॉलसारखी जहाल औषधे फवारली गेली आहेत. पंप घरात मांडण्याआधी हातमोजे घालून, अंगणात, सोड्याच्या पाण्याने धुवा. धुतलेले पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. त्याचा तांब्या किंवा कुंडी तर मुळीच करू नका.

ट्रॅक्टरांत आयात झालेले फर्ग्युसन, फोर्डसन, झेटर आणि नंतर देशात बनलेले सुरुवातीचे आयशर, महिंद्राचे बी-२७५, एस्कॉर्ट्स, एचएमटी सापडतात. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबादला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर. या पहिल्या पिढीतला, मूळ इंजिन जागेवर असलेला आणि कागदपत्रे पूर्ण असलेला ट्रॅक्टर आपल्या देशातही आता हौशी लोक शोधतात. पण आपल्याकडे ट्रॅक्टर कधी मूळ राहतच नाही. इंजिन एकाचे, पुढचा आस दुसऱ्याचा, पत्रा तिसऱ्याचा. असा ट्रॅक्टर चालायला उत्तम असेल, पण संग्राहक त्याची किंमत निम्म्याने कमी करतो. ते खपवून नेण्यापेक्षा काय बदलले हे स्वतःच सांगा. पारखी माणसाला ते दोन मिनिटांत कळते, आणि मग तो तुमच्या बाकीच्या सांगण्यावरही विश्वास ठेवत नाही.

हात लावण्याआधी

विकायचे म्हणून रंग मारू नका. ही चूक इतके जण करतात की ती पहिल्यांदा सांगायला हवी होती. तुम्हाला वाटते यंत्र नवे दिसेल, पण घेणाऱ्याला वाटते की रंगाखाली तडा किंवा वेल्डिंग लपवले आहे. मूळ रंगाचे राहिलेले पोपडेही पुरावा असतात, ते झाकले की भाव उतरतो.

जाम झालेले इंजिन जोर लावून फिरवू नका. सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हाताने हळूहळू हलवून बघा. हातोडा मारलात तर पिस्टनबरोबर पैसेही फुटले समजा. हँडल मारून सुरू करायचे इंजिन नवशिक्याने एकट्याने सुरू करू नये. उलटा झटका बसला की मनगट मोडते. बंद पडलेल्या यंत्राची किंमत कमी असते हे खरे, पण 'फिरते, चालू केलेले नाही' हे शब्द प्रामाणिक असतील तर गिऱ्हाईक येते.

मग हरवलेले भाग शोधा. टाकीचे झाकण, हँडल, पुली, सायलेन्सर, टूलबॉक्स, तेलाची कुपी. हे माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे किंवा चुलत्याच्या घरी सापडतात. यंत्र पूर्ण झाले की किंमत बदलते. जुने फोटोही काढा. खंडेनवमीला यंत्राला हार घालून काढलेला एखादा फोटो अनेक घरांच्या अल्बममध्ये असतो. त्यात मूळ रंग, टाकी, चाके दिसतात आणि यंत्र तुमच्याच घरी होते याचा पुरावाही मिळतो. शेवटी चारही बाजूंचे, पाटीचे, तुटलेल्या जागांचे फोटो उजेडात काढा. तुटलेली जागा लपवू नका.

विचारायचे कोणाला

किंमत घेणाऱ्यालाच विचारू नका. देहूरोडच्या रहिवाशांना हे सोपे आहे, कारण खरी पारख आपल्या गल्लीत राहते. खडकी, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आणि इथल्या लष्करी डेपोत आयुष्य घालवलेले फिटर, टर्नर, स्टोअरकीपर आता घरी आहेत. त्यातल्या एखाद्या काकांना चहाला बोलवा आणि यंत्र दाखवा. ब्लॉकला तडा आहे का, पंप मूळ आहे का, क्रँक घासली आहे का, हे ते कानाने आणि बोटाने सांगतील. त्यांचा वेळ घेतलात तर त्यांचा मानही ठेवा.

त्यानंतर तीन ठिकाणी भाव घ्या: एक भंगारवाला, एक जुन्या यंत्रांचा मेकॅनिक किंवा व्यापारी, एक हौशी गिऱ्हाईक. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी एक फेरी मारली तरी कोण काय घेतो याचा अंदाज येतो. मोबाइलवरच्या जाहिराती बघा, पण त्यातला आकडा ही मागितलेली किंमत असते. कोणी दिली का हे तिथे कळत नाही. तशीच जाहिरात तीन महिने तिथेच दिसत असेल तर तो भाव कोणाला मान्य नाही, इतके नक्की. फोटोवर भाव सांगणाऱ्यापेक्षा यायची तयारी असलेल्याचा शब्द खरा माना.

वाटणीचा वाद असेल, विमा काढायचा असेल किंवा संस्थेला मोठा संच द्यायचा असेल तर यंत्रसामग्रीचा नोंदणीकृत मूल्यांकनकार बोलवा आणि लेखी अहवाल घ्या. एका नांगरासाठी मात्र त्याची फी परवडणार नाही.

कागद, कायदा आणि भावकी

ट्रॅक्टर विकताना आरटीओचे नोंदणीपुस्तक लागते. ते आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांच्या नावावर करून घ्या, मग खरेदीदाराच्या. नुसता स्टँप पेपर लिहून ट्रॅक्टर दिलात आणि उद्या त्याचा अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते. पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी केंद्राने २०२१ मध्ये विंटेज नोंदणीचे नियम केले, पण ते दुचाकी आणि खासगी चारचाकी गाड्यांसाठी आहेत. त्या नावाने कोणी ट्रॅक्टरची किंमत वाढवून सांगत असेल तर भुलू नका.

इंजिने बहुधा भूविकास बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जातून घेतली गेली. त्या कर्जाचे कागद फाडू नका. त्यावर यंत्राचे नाव, साल आणि त्या वेळची किंमत असते, आणि संग्राहकाला हेच हवे असते. सातबाऱ्यावर त्या कर्जाचा जुना बोजा अजून दिसतो का, हेही याच निमित्ताने तपासा.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला खरेदीदार आला आणि यंत्र शंभरीच्या जवळचे असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा. लष्करी खुणा असलेले यंत्र असेल तर ते लिलावात घेतल्याची पावती जपून ठेवा. आपल्या भागात तशी पावती नसली तर उगाच प्रश्न उभे राहतात.

आणि कायद्याइतकीच भावकी महत्त्वाची. यंत्र एकत्र कुटुंबाच्या पैशातले असेल तर विकण्याआधी भाऊ, चुलते आणि बहिणींनाही विचारा. आत्याला किंवा बहिणीला लोखंडात काय समजते, असे म्हणू नका. पुष्कळदा ते इंजिन घ्यायला आजीच्या पाटल्या मोडलेल्या असतात, आणि हे बायकांनाच ठाऊक असते. चार हजारांच्या इंजिनावरून वीस वर्षांचा अबोला धरलेली घरे आहेत.

फसवणुकीपासून सावध

जुन्या वस्तूंभोवती चोरही फिरतात. 'राईस पुलर'च्या नावाने, म्हणजे तांदूळ ओढून घेणारे तांब्याचे भांडे कोट्यवधींना विकले जाते असे सांगून, महाराष्ट्रात अनेकांना लुबाडले गेले आहे. जुन्या यंत्रात दुर्मीळ धातू आहे, परदेशी कंपनी तपासणी करणार आहे, त्यासाठी आधी फी भरा, असे कोणी म्हणाला की तिथेच बोलणे थांबवा. विकणाऱ्याने घेणाऱ्याला पैसे द्यायचे असतात का?

दुसरी फसवणूक फोनवरची. यंत्र न बघता मान्य करणारा, गाडी पाठवतो म्हणणारा, आणि पैसे पाठवायला तुम्हाला क्यूआर कोड धाडणारा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. तसे घडलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

विकायचे नसेल तर

चारही किमती लिहून झाल्यावर काहींना वाटेल की इतक्याशा पैशासाठी हे द्यायला नको. तेही योग्य आहे. मग ते छपराखाली, जमिनीपासून उचलून ठेवा, तेल द्या आणि वर्षातून एकदा फिरवा. जागा नसेल तर शाळा, ग्रामपंचायत किंवा संग्रहालयाला द्या, पण लेखी द्या. यंत्राचे नाव, साल, देणाऱ्याचे नाव आणि ते कोणत्या रानात चालले हे लिहून द्या, नाहीतर दहा वर्षांनी तेच यंत्र तिथूनही भंगारात जाते. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली, तेव्हा त्या वस्तू लोकांच्या घरात अडगळ होत्या. आज त्यांचे संग्रहालय बघायला शाळांच्या सहली येतात. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर जुने गाव उभे केले आहे, ते बघायला लोक दुरून जातात. मावळच्या भातशेतीची यंत्रे एका छपराखाली ठेवायची झाली तर आठ-दहा घरांनी एकेक वस्तू दिली तरी सुरुवात होईल. ती जागा कोणत्या गावात व्हावी, याचा विचार गावांनी करावा.

तर आज एवढे करा. गोठ्यात जा, पाटी पुसा, फोटो काढा, आणि एका कोऱ्या कागदावर चार किमतींचे चार रकाने आखा. भंगारवाल्याला फोन करून पुढच्या आठवड्यात यायला सांगा. तो येईल, लोखंड कुठे पळून जात नाही. आठ दिवसांनी तुमचा आकडा त्याच्याएवढाच निघाला तर हसत वजन करून द्या. जास्त निघाला तर त्याला चहा पाजा आणि दुसरे गिऱ्हाईक बोलवा.